वायसर आहे का

इतवारीत आमच्या दुकानात
रबराच्या एका भोकाच्या चकतीला
दिवसातून नऊ नावं पडतात.

धरमपेठेतल्या बाई म्हणतात वॉशर,
अन् लगेच सावरतात, नळातलं हो, कपड्यांचं नाही.
कन्हानचा पोरगा म्हणतो वायसर.
सदरचे डिसिल्व्हा सर
शेवटचा र घरीच ठेवून येतात.
वाठोड्याची मावशी तर नावच घेत नाही,
अंगठ्याला बोट जुळवून गोल करते,
त्या गोलातून माझ्याकडे पाहते,
हे दे ना बाप्पा.

मी देतो.
बत्तीस उन्हाळे झाले काउंटरला.
एप्रिल लागला की कूलरवाले सुरू,
पंप, पंपू, फूज, सुच, किलाम, साकिट.
पलक मागितली की प्लग काढतो
पापणी न हलवता.
कोण कोणत्या वस्तीतून आला,
कोणाच्या हाताखाली शिकला,
चड्डीत असताना कोणत्या उस्तादाची थप्पड खाल्ली,
सगळं त्या एका शब्दात ऐकू येते.
फक्त माप विचारावं लागते.

होळीनंतर शेठजींच्या हर्षितनं कॉम्प्युटर बसवला.
काका, गिऱ्हाईक जे मागेल ते टाका,
माल कुठे आहे ते दिसेल.
मी टाकलं वायसर.
असा माल नाही.
वासल टाकलं.
असा माल नाही.
पाठीमागे डबा काठोकाठ भरलेला,
अन् बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
दुकान खोटं बोललं.
काका, डब्ल्यूनं सुरू होते ते.
डबलू तर आमच्या शेजारच्या पोराचं नाव आहे, म्हटलं.
हसला तो. मीही हसलो.
मग बराच वेळ कीबोर्डात डबलूला शोधत बसलो.

त्याच हप्त्यात मेडिकलला गेलो,
तळपाय बधिर होऊन राहिले होते.
म्हटलं, मॅडम, मले सुगर आहे.
पोरगीच होती, कोटावर नाव डॉ. घरडे.
कागदातून वर न पाहता म्हणाली,
किती वर्षांपासून सुगर?
अन् मान वळवून सिस्टरला,
शुगर फास्टिंग लिहा.
एकाच तोंडात दोन डबे ठेवले होते तिनं,
मला माझ्या डब्यातून दिलं.
बाहेर पानठेल्यापाशी उगाच उभा राहिलो,
खर्रा घ्यायचाही राहून गेला.

मग हर्षितनं एक खण करून दिला, टोपणनावांचा.
दुपारी डांबर पाघळते, रस्त्यावर कुत्रंही नसते,
तेव्हा एका बोटानं भरतो.
वॉशर: वायसर, वाशर, वासल, वाईसल.
बल्ब: बलप, बलफ, गुलूप.
मावशीचं गोल कसं टाकायचं ते अजून सुचलं नाही.

एल्बोपाशी थांबलो.
शालिक मिस्त्री येलबू म्हणायचा.
बाकी कोणी नाही, त्याचे हेल्परही नाही.
अर्धा इंची येलबू दे दहा, अन् वाकडे नको देजो.
अरे, वाकडाच असते ना तो,
त्याचा जन्मच त्यासाठी.
दर खेपेला हेच,
अन् दर खेपेला दोघंही
पहिल्यांदा ऐकल्यासारखे.
दोन वर्षांआधी मे महिन्यात, मानेवाड्याला,
गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत बसला
तो उठलाच नाही. हातात पाना होता म्हणतात.
त्याचा पोरगा येतो, आयटीआयचा,
स्वच्छ एल्बो म्हणतो,
मोजून घेतो, बिल मागतो.

येलबू मागणारं आता कोणी नाही.
तरी टाकलं.
ये, ल, बू. जोडाक्षरसुद्धा नाही त्यात.
एंटर.
असा माल आहे. दोनशे चाळीस नग.

उठलो, डबा खाली काढला,
एकेक नग हातात घेऊन पाहिला.
सगळे वाकडे.